किल्ली फिरते, इंजिन फिरत नाही

किल्ली फिरवल्यावर अडून बसलेली गाडी जे बोलते, त्यात फार तर सहा वाक्यं असतात. पहिलं म्हणजे पूर्ण शांतता. दुसरं, एकच घट्ट ‘टक्’. तिसरं, घाईघाईचं ‘टकटकटकटक’. चौथं, दमलेलं, ओढत नेलेलं ‘गर्र… गर्र…’. पाचवं, कशालाच न लागता मोकळं फिरणारं ‘झुंईऽऽ’. आणि सहावं, अगदी नेहमीसारखं ‘गर-गर-गर-गर’, ज्याच्या शेवटी इंजिन पेटतच नाही. मजकूर एवढाच. पण या सहा वाक्यांत बॅटरीपासून इंजिनपर्यंतची सगळी हकीकत असते, आणि ज्याला ती वाचता येते त्याला बॉनेट उघडण्याआधीच अर्धं उत्तर मिळालेलं असतं. या आवाजांमागे काय घडतं आणि ते वाचण्याची रीत किती देखणी आहे, हे सावकाश बघण्यासारखं आहे.

मुंबईच्या उपनगरांत ही वाक्यं रोज कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या आवारात उमटतात. इथली गाडी आठवडाभर उभी असते आणि रविवारी निघते. निघाली की घाटकोपरहून अंधेरीला जाताना कोंडीत अडकते. इंजिन मंद चालीवर, एसी चालू, पावसाळा असेल तर दिवे आणि वायपरही चालू. बॅटरीतून जातं फार, भरून येतं थोडं. वर खाऱ्या दमट हवेने तांब्या-लोखंडाचे सांधे आतून खाल्ले जातात आणि आवारातले उंदीर तारा कुरतडतात. मुलुंड-बोरिवलीच्या नव्या टॉवरांत तर एकावर एक गाड्या ठेवणाऱ्या पार्किंगच्या तबकावर गाडी अडली की धक्का मारायलाही जागा नसते. निदान जागीच व्हावं लागतं. खांद्याला पिशवी अडकवून स्कूटरवरून येणारा ऑटो-इलेक्ट्रिशियन अशा जागी जे करतो, ते निव्वळ दुरुस्तीचं काम नाही. ते वाचन आहे.

आधी रचना बघू. सेल्फपर्यंत, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरपर्यंत, दोन वाटा जातात. एक किल्लीपासून निघणाऱ्या बारीक तारेची. तिच्यातून फक्त हुकूम जातो. दुसरी बॅटरीपासून निघणाऱ्या जाड केबलची. तिच्यातून बळ जातं. हेडलाइटच्या एका बल्बला पाच अँपिअर पुरतात. लहान पेट्रोल गाडीचं इंजिन फिरवताना सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. एवढा प्रवाह किल्लीच्या स्विचमधून नेला तर स्विच जळून जाईल. म्हणून या दोन वाटांच्या संगमावर सोलेनॉइड बसवलेला असतो. हुकूम आला की त्याच्यातला लोखंडी दांडा आत ओढला जातो आणि एकाच हालचालीत दोन कामं करतो. एका टोकाने छोटं दातेरी चक्र पुढे सरकवून इंजिनच्या मोठ्या चक्राच्या दात्यांत बसवतो, आणि दुसऱ्या टोकाने तांब्याचे जाड संपर्क जोडतो. आधी दाते जुळतात, मगच खरी वीज येते. क्रम उलटा झाला तर फिरतं चक्र स्थिर चक्रावर आदळून दाते झिजवेल. हा क्रम कुठल्याही कॉम्प्युटरने लावलेला नाही. दांड्याच्या लांबीतच तो घडवलेला आहे.

या रचनेची थोरवी कळायला तिच्याआधीची गाडी आठवावी. १९१२ सालच्या कॅडिलॅकवर चार्ल्स केटरिंग यांनी घडवलेला विजेचा स्टार्टर बसला. त्याआधी गाडीच्या नाकासमोर उभं राहून लोखंडी हँडल फिरवावं लागे, आणि इंजिन उलट उसळलं तर हात मोडे. सेल्फने मनगटाचं काम घेतलं. त्याबरोबर आणखी एक गोष्ट बदलली: हँडल फिरवणाऱ्याला इंजिन किती जड आहे, कुठे अडतंय, हे हाताला कळत असे. आता ते कानाने ओळखावं लागतं.

तर मग वाक्यं एकेक करून वाचू.

शांतता ही सगळ्यांत कठीण, कारण तिचे अर्थ अनेक. तिला फोडणारा पहिला प्रश्न साधा आहे: डॅशबोर्डवरचे दिवे लागतात का? तेही लागत नसतील तर बॅटरी पार रिकामी आहे, तिचं टर्मिनल सुटलंय किंवा मुख्य फ्यूज उडालाय. दिवे लखलखीत असतील तर संशय बारीक वाटेवर येतो. हुकूम निघालाच नाही, किंवा मध्येच अडला. नव्या बऱ्याच गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय हुकूम निघतच नाही; ऑटोमॅटिक गाडीत गिअर पार्किंगला किंवा न्यूट्रलला असावा लागतो. किल्लीतली चिप गाडीने ओळखली नाही तरी कित्येक गाड्यांत अशीच शांतता पसरते, आणि डॅशबोर्डवरचं किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह ते सांगत असतं. इलेक्ट्रिशियन हुकूम पुढे पाठवणाऱ्या रिलेवर बोट ठेवून किल्ली फिरवायला सांगतो. बोटाखाली ठोका जाणवला तर हुकूम तिथवर आला. नाही जाणवला तर त्याच मापाचा दुसरा रिले, बहुतेक हॉर्नचा, तिथे बसवून बघतो. एक पैसाही खर्च न होता संशयाची जागा निम्मी झालेली असते.

‘टक्’ हे त्या मानाने बोलकं वाक्य. तो एक ठोका म्हणजे सोलेनॉइडचा दांडा आत गेला. याचा अर्थ किल्ली, तिचा स्विच, रिले, क्लचचा स्विच, चिपची ओळख, बारीक तार, या सगळ्यांनी आपलं काम चोख केलं. एका आवाजाने निम्मी गाडी निर्दोष सुटते. उरतात ती जाड वाटेवरची मंडळी: सोलेनॉइडचे जळके संपर्क, सेल्फमधले झिजलेले कार्बन, केबलचे सांधे, आणि क्वचित खरोखरच जाम झालेलं इंजिन. इथे इलेक्ट्रिशियन सेल्फच्या अंगावर पान्याच्या मुठीने हलके ठोके देतो आणि पुन्हा सेल्फ मारायला लावतो. गाडी फिरली तर बघणाऱ्याला चमत्कार वाटतो. त्याच्या दृष्टीने ते उत्तर असतं: कार्बन इतके झिजलेत की मधल्या तांब्यापर्यंत पोचत नाहीत, हादऱ्याने तेवढ्यापुरते टेकले. म्हणून गाडी चालू झाल्यावरही तो म्हणतो, सेल्फ उतरवून उघडावा लागेल.

‘टकटकटकटक’ हे माझं सगळ्यांत आवडतं वाक्य, कारण त्यात एक अख्खी गोष्ट सेकंदात अनेकदा घडून जाते. हुकूम येतो. दांड्याला आत ओढण्यापुरतं बळ दमलेल्या बॅटरीत असतं, म्हणून तो आत जातो आणि जाड संपर्क जोडतो. संपर्क जुळताक्षणी सेल्फ आपली प्रचंड भूक मांडतो. बॅटरीचा दाब कोसळतो. इतका, की दांड्याला आत धरून ठेवणंही जमत नाही. दांडा सुटतो, संपर्क तुटतो, भूक थांबते. मागणी थांबली की दाब पुन्हा चढतो, दांडा पुन्हा आत जातो, आणि तेच सगळं पुन्हा. प्रत्येक ‘टक’ हा एक प्रयत्न आणि दोन ‘टक’मधली फट ही एक माघार. या आवाजात सोलेनॉइड धडधाकट असल्याची ग्वाही आहे, हुकमाची वाट मोकळी असल्याची आहे, आणि बळ कमी पडत असल्याची कबुलीही आहे. बळ कमी पडतं ते बॅटरीत की बॅटरीच्या सांध्यात, एवढंच आता विचारायचं उरतं.

हे विचारण्याचा सर्वांत सुरेख प्रश्न हेडलाइटचा. घाटकोपरच्या एका आवारात मी तो ऐकला. “काका, दिवे लावा आणि सेल्फ मारा.” काकांचा निकाल तयार होता: “बॅटरीच गेली असणार हो.” “असेल. पण तिला विचारू तर द्या.” इलेक्ट्रिशियन भिंतीवर पडलेल्या उजेडाकडे बघत उभा राहिला. या प्रश्नाची तीन उत्तरं येऊ शकतात आणि तिन्ही उपयोगी असतात. सेल्फ मारताना उजेड जराही ढळला नाही, तर बॅटरीकडे कुणी मागणीच केली नाही. दोष सेल्फच्या अलीकडे किंवा सेल्फच्या पोटात. उजेड हळूहळू पिवळा पडत बसला, तर मागणी झाली आणि बॅटरीला ती पेलली नाही. किंवा मागणीच राक्षसी आहे, सेल्फ वा इंजिन अडकलंय. उजेड एकदम गेला आणि किल्ली सोडल्यावर परत आला, तर संशय टर्मिनलवर. तो सांधा पाच अँपिअर सहज नेतो, शंभर आले की कापला जातो. काकांच्या गाडीचा उजेड असाच गेला. टर्मिनलचा नट ढिला होता आणि खाली पांढरट-हिरव्या भुकटीचा थर होता. गरम पाणी, पॉलिश पेपर, नटाला दोन वेढे, वर व्हॅसलीनचं बोट. बॅटरी होती तीच राहिली.

चांगल्या प्रश्नाची ओळख मला इथे पटते. ज्याचं फक्त ‘हो’ कामाचं आणि ‘नाही’ निरुपयोगी, तो प्रश्न अर्धा. उत्तर कुठलंही येवो, शोधाचं रान आवळत आलं पाहिजे. अंदाजाने बॅटरी बदलून बघणं हाही एक प्रश्नच आहे, पण तो हजारो रुपयांचा, आणि गाडी चालू झाली तरी खरं कारण झाकून ठेवणारा. कारण नवी बॅटरी बसवताना टर्मिनल आपोआप घासून घट्ट केलं जातं. दोष सांध्याचा असतो आणि दोषी ठरते जुनी बॅटरी.

याच विचाराचं पुढचं पाऊल म्हणजे भाराखालची परीक्षा. बारा व्होल्टची बॅटरी स्वस्थ असताना मीटरवर १२.६ दाखवते तेव्हा ती भरलेली असते, १२.२ ला जेमतेम निम्मी. १२ च्या खाली गेली की जवळपास रिकामी. पण स्वस्थ असतानाचा आकडा फसवू शकतो. इमारतीतला नळ बंद असताना पाइपात दाब पुरा असतो. पाइप आतून गंजून चिंचोळा झालाय हे नळ सोडल्यावरच कळतं. तसंच केबलचं. शंभर पदरांपैकी एकच पदर उरला असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळपास काहीच मागत नाही. म्हणून जाणता माणूस सेल्फ मारत असतानाच आकडा बघतो. फिरवताना बॅटरीचा दाब साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. आणि मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर ठेवून सेल्फ मारला तर दोहोंमधला फरक ०.२ व्होल्टच्या आत हवा. जास्त आला तर अर्थिंग कुठेतरी खाल्लंय. रस्त्यावरच्या इलेक्ट्रिशियनचा टेस्ट लॅम्प, म्हणजे चिमटा आणि टोकदार सळई लावलेला साधा बल्ब, महागड्या मीटरसमोर अजून टिकून आहे तो याच कारणाने. बल्ब प्रवाह मागतो. वाट नुसती दिसते की चालता येते, हे तो पेटून किंवा मिणमिणून सांगतो.

अर्थिंगचा मुद्दा इथल्या हवेत मोठा आहे. इंजिन रबराच्या बैठकीवर बसलेलं असतं, म्हणून बॅटरीकडे परतणाऱ्या विजेसाठी इंजिन आणि सांगाडा यांच्यामध्ये तांब्याची विणलेली पट्टी लावतात. पावसाळ्यामागून पावसाळे गेले की ती हिरवी पडते, तिच्या बोल्टखाली गंज धरतो. वीज मग दुसरी वाट शोधते. क्लचच्या लोखंडी वायरमधून परतते आणि ती वायर हात लावू देणार नाही इतकी तापते. सेल्फ मारल्यावर क्लचची वायर गरम लागली, तर दोष क्लचमध्ये शोधायचा नसतो.

चौथं वाक्य, ओढत नेलेलं ‘गर्र’, हे याच कथेचं मवाळ रूप: बळ पोचतंय, पण अपुरं. पाचव्या ‘झुंईऽऽ’मध्ये मोटर फिरते पण तिचं छोटं चक्र दात्यांत बसत नाही किंवा बसून घसरतं, सेल्फ उतरवावाच लागतो. इथे थांबायचं कारण नाही.

सहाव्या वाक्याशी मात्र थांबलं पाहिजे. इंजिन फिरतं, पेटत नाही. बॅटरी, सेल्फ, सांधे सगळे सुटले. आता चौकशी पेट्रोलची, ठिणगीची आणि दाबाची. किल्ली ‘ऑन’ला आणली की मागच्या सीटखालून पेट्रोलपंपाची दोन सेकंदांची बारीक गुणगुण यायला हवी, त्या वेळी पंखा आणि रेडिओ बंद करून कान द्यावा. गुणगुण नसेल तर फ्यूज, रिले, पंप या क्रमाने जावं. ती असेल तर खुद्द ‘गर-गर-गर-गर’ ऐकावं, कारण त्यात लय आहे. प्रत्येक सिलिंडर आपल्या पाळीला हवा दाबतो तेव्हा सेल्फला क्षणभर जड जातं, तो किंचित मंदावतो; पाळी सरली की सुटतो. चार सिलिंडरांचे चार सारखे ठोके. चारांतला एक ठोका दुबळा पडला, लय लंगडली, तर त्या सिलिंडरात दाब धरत नाही. आणि ठोकेच नाहीसे झाले, इंजिन संशय यावा इतकं हलकं, सपाट फिरू लागलं, तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शक्यता समोर ठेवावी आणि सेल्फ मारणं ताबडतोब थांबवावं. जे जड असायला हवं ते हलकं झालंय, एवढ्यावरून इंजिनच्या पोटात न दिसणारी गोष्ट कळते. हँडल फिरवणाऱ्या हाताला जे कळे, ते कानाला परत मिळतं ते इथे.

कधी कधी वाचनाचा निष्कर्ष ‘किल्ली फिरवूच नका’ असा असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुर्ला, कलिना, घाटकोपर, अंधेरी भागांत गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर अशा गाडीपाशी आलेल्या माणसाचा हात साहजिकच किल्लीकडे जातो. पण हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरात पाणी असताना सेल्फ मारला तर वर येणारा पिस्टन त्याच्यावर आदळतो, आणि तशातच इंजिन पेटलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मग दुरुस्तीचं काम इंजिन उघडण्यावर जातं. तिथली खरी रीत म्हणजे आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडायची, एअर फिल्टर भिजलाय का आणि तेलाच्या पट्टीवर दुधाळ रंग आलाय का ते बघायचं, पेट्रोल गाडीचे प्लग काढायचे, आणि सिलिंडरातलं पाणी बाहेर पडायला वाट मिळाल्यावरच इंजिन फिरवून बघायचं. अंधेरी सबवे आजही पावसाळ्यात भरतो, म्हणून हे दर जूनला नव्याने सांगायला हवं.

उलट टोकाची परीक्षा २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत झाली. गाड्या आवारात नुसत्या उभ्या होत्या. पण उभी गाडी झोपलेली नसते; घड्याळ, अलार्म, कुलपाचा रिसीव्हर मिळून ५० मिलिअँपिअरपर्यंत ओढत असतात. दिवसाला १.२ अँपिअर-तास. लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी या हिशेबाने पंधरा दिवसांत निम्मी होते. निर्बंध सैल होताच आवारांतून ‘टकटकटक’ ऐकू आलं, ते या गणिताचं उत्तर होतं. तेव्हा जंपर केबलचं काम वाढलं. तिथेही क्रमाला अर्थ आहे: काळ्या केबलचं शेवटचं टोक रिकाम्या बॅटरीच्या खुंटीवर न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडावर लावतात, कारण जोडताना ठिणगी पडते आणि बॅटरीपाशी हायड्रोजन वायू असू शकतो. आणि गाडी चालू झाली म्हणजे निदान संपलं असं नाही. चालू इंजिनवर मीटरने साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दाखवले तर आल्टरनेटर भरतोय. १२ च्या घरातच राहिला तर दुसऱ्या दिवशी तेच वाक्य ऐकू येणार.

कुर्ल्याला प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात पद्मिनी ही गाडी तयार होत असे आणि तिच्या टॅक्सीने हे शहर चालवलं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी रस्त्यावरून गेली. तिच्यात विचारायला कॉम्प्युटर नव्हता, म्हणून जो काही प्रश्न विचारायचा तो गाडीलाच विचारावा लागे. आजच्या गाडीला स्कॅनर लावता येतो आणि चिप किंवा सेन्सर यांच्याबद्दल तो पुष्कळ सांगतो. पण टर्मिनलखालची भुकटी आणि अर्थिंगच्या बोल्टखालचा गंज त्याला दिसत नाही. कान आणि टेस्ट लॅम्प यांची विद्या जुन्या गाडीबरोबर मोडीत काढण्यासारखी नाही, कारण जाड वाट आणि बारीक वाट आजही तशीच आहे.

या वाचनात गाडीच्या मालकालाही वाटा आहे. इलेक्ट्रिशियनला फोन करताना आपण बहुधा निकाल सांगतो: बॅटरी गेली, सेल्फ गेला. त्याऐवजी साक्ष द्यावी. डॅशबोर्डचे दिवे लागले की नाही. आवाज आला का, एक की अनेक. सेल्फ मारताना उजेड कसा वागला. आदल्या दिवशी गाडी कशी चालू झाली होती. पाण्यातून गेली होती का, किती दिवस उभी होती. एवढं नीट सांगितलं तर तो येताना बरोबर पाना घेऊन येईल, आणि दोन रुपयांच्या भुकटीसाठी नवी बॅटरी विकणाऱ्याला वाव राहणार नाही. ऐकलेलं जसंच्या तसं सांगणं हाच निदानाचा पहिला भाग आहे, आणि तो गाडीत बसलेल्या माणसाशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही.